सासऱ्यांबरोबर गढीवर

माझ्या सासऱ्यांच्या रक्तातली साखर मीच शोधून काढली, त्यामुळं पुढचं सगळं माझ्याच गळ्यात पडलं.

मी परभणीत एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. लोकांच्या दंडाला रबरी पट्टी बांधायची, शीर चाचपायची, सुई टोचताना त्यांना दुसरीकडं बघायला लावायचं, असा माझा दिवस जातो. सासरे एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं आणि त्या दीड वर्षात त्यांनी दोनच गोष्टी मन लावून केल्या होत्या. सकाळी पेपर निविदा सूचनांसकट वाचून काढायचा आणि दुपारी चहात बुडवून खारी खायची. मग तहान लय लागायलीय, पायाला मुंग्या यायल्यात, अशी त्यांची कुरबुर सुरू झाली. एका सकाळी मी त्यांना उपाशीपोटी लॅबमध्ये घेऊन गेले. आकडा बघितला तेव्हा मला आधी मशीनच बिघडल्याचा संशय आला. पुन्हा तपासलं. मशीन ठीक होतं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, खारी बंद केली आणि रोज तासभर चालायला सांगितलं.

"रोज?" मामांनी विचारलं. आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते आणि सासूला मामी.

"रोज," डॉक्टर म्हणाले.

चार दिवस मामा कॉलनीच्या मैदानाला चकरा मारून आले. पाचव्या दिवशी चप्पल घालून दारातच बसून राहिले.

"काय झालं मामा? जायचं नाही का?"

"तिथं निसत्या गोळ्याच्या गप्पा हायती बाई. ह्याला अर्धी, त्याला सबंध. आन् गोल गोल फिरून पुन्हा जिथल्या तिथं. एवढ्या वेळात आमची गाडी झरीला पोचायची."

त्यांनी रस्त्याकडं बोट केलं. मग म्हणाले, "चालायचंच हाय तर एका जागी जाऊन यावं म्हणतो."

ती जागा जिंतूरच्या पुढं डोंगरात होती. तिथं रस्त्यावर एक थांबा होता, गाव आत लांब. मामा सांगायला लागले. "त्या थांब्यावर कदी दोन माणसं उतरायची, कदी एक. डोक्यावर गठुडं, हातात काठी. उतरली की पायवाटेनं झाडीत शिरायची. मी घंटी द्यायचो, गाडी निघायची. उन्हाळ्यात पानं गळाली की वर टेकडीवर एक बुरूज दिसायचा, काळा. किती वर्षं बघितला. हाय तरी काय तिथं, म्हणून लय वाटायचं."

"मग एखाद्या सुट्टीला जायचं की."

"सुट्टीच्या दिवशी पुन्हा त्याच रस्त्यानं कोण जाईल? पाय वर करून झोपायचो मी."

घरात हे निघालं तेव्हा माझे मिस्टर म्हणाले, "रविवारी मेडिकल बंद ठेवून मला नाही जमणार." मामी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सुपातून मानसुद्धा वर केली नाही. "दगडं बघायला एवढ्या लांब? आपल्या घरामागं काय कमी दगडं हायती?"

"एकट्यानं जाऊ का मग?" मामा म्हणाले.

"एकटं कुठं जाता डोंगरात? चक्कर आली म्हंजे?" मामींनी आता मात्र वर बघितलं, आणि बघितलं ते माझ्याकडं. "हिला न्या संगं. हिनंच काढलंय ना हे साखरेचं."

माझ्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत माझं आणि मामांचं बोलणं म्हणजे "मामा, वाढू का?" आणि "वाढ." फार तर "मामा, तुमचा फोन वाजतोय." एवढंच बोलणं असलेल्या माणसाबरोबर आख्खा दिवस डोंगरात काय बोलायचं, ह्या काळजीनं मला शनिवारी झोप लागेना. मी पिशवीत पाण्याच्या तीन बाटल्या, ग्लुकोज, पट्टी, साखर मोजायचं छोटं यंत्र असं सगळं भरलं. आजारी माणसाला न्यायचंय, अशीच माझी तयारी होती.

थंडीचे दिवस होते. सकाळच्या गाडीत मामा चढले आणि चढल्या चढल्या त्यांची पंचाईत झाली. प्रवासी म्हणून कुठं बसायचं हे त्यांना सुचेना. सवयीनं ते दाराजवळच्या कंडक्टरच्या सीटकडं वळले. तिथं एक तरुण बाई कंडक्टर बसलेली. ती म्हणाली, "काका, ही सीट माझी हाय."

"हाव, हाव. तुमचीच," मामा एकदम ओशाळून म्हणाले आणि तिच्या मागच्या सीटवर बसले. तिथून त्यांचं लक्ष बाहेर कमी आणि तिच्याकडं जास्त. बोरीला गर्दी चढली तेव्हा लोक दारातच तुंबले. मामांना राहवेना. ते उभे राहिले आणि त्यांनी खड्या आवाजात ललकारी दिली, "चला, पुढं सरका! आत लय जागा हाय! पुढं सरका!"

आणि लोक सरकले. मला मात्र खिडकीतून बाहेर उडी मारावीशी वाटली. कंडक्टर बाईनं मागं वळून विचारलं, "कोणत्या डेपोला होता काका?" मग जिंतूरपर्यंत त्या दोघांचं जे सुरू झालं ते थांबलंच नाही. जिंतूरला आम्ही गाडी बदलली तेव्हा ती मामांना नमस्कार करून गेली.

दुसऱ्या गाडीनं आम्हाला त्या थांब्यावर उतरवलं. उतरल्यावर मामा जागचे हलले नाहीत. गाडी वळणाआड गेली तरी ते तिकडंच बघत होते.

"काय बघताव मामा?"

"मला सोडून चालली, म्हणून बघायलो," ते म्हणाले आणि हसले. मामांना असं खुदकन हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

पायवाट सुरुवातीला सरळ होती. एका बाजूला तुरीचं रान, शेंगा धरलेलं. दुसऱ्या बाजूला कापूस, अर्धा वेचलेला. मग रान संपलं आणि साग सुरू झाला. सागाची मोठी पानं खाली वाळून पडलेली, त्यांच्यावर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. मामा पुढं, मी मागं. दर दहा मिनिटांनी मी विचारायची, "चक्कर येत नाही ना? घाम? थांबायचं का?" चौथ्या वेळी ते थांबले. "बाई, तू काय मला सलाईनला लावून आणलंस का? आलं तर सांगतो."

त्यानंतर मी विचारायचं बंद केलं. मग आम्ही वाट चुकलो.

पळसाच्या झाडांपाशी वाटेचे तीन फाटे फुटले होते. मामा म्हणाले डावीकडं, मी म्हणाले मधून. फोनला रेंज नव्हती. आम्ही मधून गेलो. अर्धा तास काट्यातून चाललो, माझी ओढणी बोरीच्या झाडाला दोनदा अडकली आणि आम्ही फिरून पुन्हा त्याच पळसांपाशी आलो.

"हे तर मैदानच झालं की," मामा म्हणाले. गंमत अशी की ते चिडले नव्हते. ते दगडावर टेकले आणि खिशातला रुमाल काढून त्यांनी निवांत तोंड पुसलं.

तेवढ्यात शेळ्या दिसल्या. वीसेक शेळ्या आणि त्यांच्यामागं एक बाई. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी असेल. कमरेला विळा, डोक्यावरून पदर, हातात लांब काठी, जिच्या टोकाला फांद्या ओढायला आकडी. ती आम्हाला बघून थबकली.

"जंगलवाले का?" तिनं विचारलं.

"न्हाई न्हाई," मामा म्हणाले.

"मोजणीला आलाव?"

"न्हाई. गढी बघायला आलोत. परभणीहून."

"गढी?" तिला ते खरंच वाटेना. "तिथं काय बघायचं हाय? ती तर पडली."

"पडलेलीच बघायची हाय," मामा म्हणाले.

बाई आधी माझ्याकडं बघून आणि मग मामांकडं बघून तोंडाला पदर लावून हसली. "या मग. शेरडं तिकडंच न्यायचीत. तुमी लय फिरून आलाव, वाट डाव्या अंगाला हाय."

मामा माझ्याकडं बघतील, डावीकडं मी म्हणलो होतो म्हणतील, ह्याची मी वाट बघितली. ते नुसते पुढं चालू लागले. फक्त थोडं जास्त ताठ.

गढी जवळ येईपर्यंत दिसलीच नाही. झाडीतून वर चढलो आणि एकदम समोर दरवाजा. वरची कमान अजून धरून होती, तिच्या फटीत एक पिंपळ उगवलेला. काळ्या दगडाचे मोठे मोठे चिरे एकावर एक बसवलेले, मधे चुना नावाला. दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या, म्हणजे भिंतीतच कोरल्यासारख्या छोट्या खोल्या. आत गेलं की सगळा ढिगारा आणि गवत. एका कोपऱ्यात पाण्याचं टाकं, त्यात हिरवं पाणी आणि त्यावर सागाचं पान होडीसारखं तरंगत होतं. दुसऱ्या कोपऱ्यात छपराविना उभं असलेलं महादेवाचं देऊळ. नंदीचं तोंड झिजून गुळगुळीत झालं होतं. कुणीतरी त्याच्यापुढं ताजी फुलं ठेवली होती.

"कुणाची हो ही गढी?" मी बाईला विचारलं.

"कुणाला ठावं. माझा सासरा म्हणायचा निजामाच्या येळची चौकी हाय. गावातले म्हणतेत त्याच्या बी आदीची." मग ती म्हणाली, "आमच्या घराचा उंबरा हितलाच हाय. फूल कोरलंय त्याच्यावर. त्याच्यावर बसून सासू मिसरी लावायची. सबंध गावात असे दगडं हायती. इहिरीला, पाराला. गढी पडली म्हंतेत, पर गेली कुठं न्हाई ती, गावातच हाय."

मामांनी नंदीला हात लावून कपाळाला लावला आणि ते बुरुजाकडं वळले. तोच तो बुरूज, जो त्यांनी गाडीच्या दारातून इतकी वर्षं बघितला होता. जवळून तो काळा नव्हता, करडा होता आणि त्याच्यावर पिवळट शेवाळाचे ठिपके होते. आतल्या अंगानं वर जायला दगडी जिना होता. एका बाजूला बुरुजाची भिंत, दुसरी बाजू कधीची ढासळून गेलेली, त्यामुळं तिकडं नुसतं मोकळं. मधल्या दोन पायऱ्या निखळल्या होत्या.

"मामा, राहू द्या," मी म्हणाले.

"एवढं आलो न् खालूनच बघू होय?"

ते भिंतीला हात लावत चढले. निखळलेल्या जागी त्यांनी एक पाय लांब टाकला आणि पलीकडं गेले. मला मागं राहून चालणार नव्हतं, चक्कर आली तर कोण धरणार? मी नजर पायरीवरच ठेवून, एकेक करत, त्यांच्यामागं वर गेले.

वर वारा होता. आणि समोर जे होतं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. डोंगराच्या घड्या एकामागं एक, जवळची हिरवी-तपकिरी, मग निळसर, मग नुसती पुसट. त्यांच्यापलीकडं येलदरीच्या धरणाचं पाणी, उन्हात ताटासारखं चमकणारं. खाली तुरीचे आणि ज्वारीचे चौकोन, कापसाचे पांढरे ठिपके. आणि मधून गेलेला रस्ता. मामा कठड्याच्या उरलेल्या भागाला धरून उभे होते. थोड्या वेळानं रस्त्यावर एक लाल ठिपका आला. थांब्यापाशी थांबला. पुन्हा हलला.

"एवढीशीच दिसतेय की गाडी," मामा म्हणाले. "आन् आत बसलं की वाटतं सगळी दुनिया आतच हाय. भांडणं, सुट्टे, तिकिटं, कुणाचं कोंबडं, कुणाचं लेकरू." त्यांच्या डोळ्यांत वाऱ्यानं पाणी आलं असेल, असं मी धरून चालले. वाटभर मी पदोपदी पिशवीतलं ग्लुकोज काढायच्या बेतात होते, ते विसरून मीही पंधराएक मिनिटं तशीच उभी राहिले.

मग उतरायची वेळ आली. मामा सहज वळले आणि पहिल्या दोन पायऱ्या उतरले. मी पायरीशी आले, खाली बघितलं आणि माझे पाय गेले.

गेले म्हणजे होते तिथंच, पण माझं ऐकेनात. चढताना मी दगडाशिवाय काही बघितलं नव्हतं. आता उजव्या हाताला नुसती पोकळी होती, खाली चिरे पडलेले आणि त्यांच्यामधून उगवलेले काटे. माझे गुडघे थरथरायला लागले. मी मटकन वरच बसले. रोज चाळीस माणसांना "काही होत नाही, तिकडं बघा" म्हणणारी मी. त्या लोकांना काय होत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

"बाई? ये की."

"मामा, मला येता येणार नाही."

"कामून?"

"पाय हलत नाहीत."

खालून शेळ्यावाली बाई ओरडली, "काय झालं वं?" मला रडू यायला लागलं. भीतीपेक्षा लाजच जास्त. ज्यांना सांभाळायला आले, त्यांच्यासमोर हे.

मामा पुन्हा वर आले. माझ्याखाली दोन पायऱ्या सोडून, मोकळ्या बाजूला स्वतः उभे राहिले, म्हणजे मला पोकळी दिसू नये. "खाली बघू नगस. माझ्या तोंडाकडं बघ. बसूनच उतरायचं, उभं ऱ्हायची गरजच न्हाई." मग त्यांनी घसा साफ केला आणि एकदम तोच, सकाळचा गाडीतला आवाज काढला.

"चला! परभणी-जिंतूर, जिंतूर-परभणी! बसा, बसा! ही पायरी परभणी. बसली का सीटवर?"

"मामा, चेष्टा नका करू."

"चेष्टा न्हाई, गाडी निघाली. डावा पाय खाली सोड. हां. आता सरक. टाकळी आली. टाकळीवाले उतरा."

मी सरकले. एक पायरी.

"पुन्हा पाय. ही पायरी जरा उंच हाय, हात मागं टेक. झरी! झरीला दोन मिंट थांबेल गाडी, कुणाला चहा प्यायचा तर घ्या." तिथं खरंच त्यांनी मला थांबवलं. "मोठा श्वास घे. घेतला? चला."

मग निखळलेल्या पायऱ्यांची जागा आली. माझा पुन्हा धीर सुटला.

"इथं रस्ता उखडलाय," मामा म्हणाले. "डायवर गाडी हळू घेईल. मी खाली उतरतो, तू माझ्या खांद्यावर हात टाक आन् ये." सहा वर्षांत मी सासऱ्यांच्या पायाला हात लावला होता तेवढाच. मी त्यांचे दोन्ही खांदे गच्च धरले आणि डोळे मिटून खाली आले.

"बोरी आली का?" खालून बाईचा आवाज आला.

"आली, आली!" मामा ओरडले. "कौसडी फाट्यावाले पुढं या!"

मला हसू फुटलं. भीती गेली नव्हती, पण एकाच वेळी थरथरायचं आणि हसायचं दोन्ही जमेना, त्यामुळं थरथरणं जरा मागं पडलं. उरलेल्या पायऱ्या मी कशा उतरले ते आठवत नाही. शेवटच्या पायरीवर मामा म्हणाले, "जिंतूर! गाडी पुढं जाणार न्हाई, सगळ्यांनी उतरून घ्या." आणि शेळ्यावाली बाई पोट धरून गवतात बसली.

देवळाच्या ओट्यावर आम्ही तिघं जेवलो. माझ्याकडं धपाटे आणि दही, बाईकडं भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. तिनं ओच्यातली बोरं काढून मधे ठेवली. मामांनी दोन बोरं घेतली आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "खा. आज चाललाय तेवढं." बाईनं विचारलं, "लेक का तुमची?"

"सून," मामा म्हणाले.

"सून?" तिनं माझ्याकडं निरखून बघितलं. "मला वाटलं लेक. सासऱ्याच्या खांद्यावर हात टाकती का कोण सून?" आणि पुन्हा तिला हसू आवरेना.

संध्याकाळी घरी आलो. मामी दारातच उभ्या. "लय उशीर केलाव. सगळं ठीक हाय ना?"

मी उत्तर द्यायच्या आत मामा म्हणाले, "ठीक हाय. बुरूज लय अवघड होता, पर हिनं मला धरून उतरवलं बग."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते नळाखाली पाय धूत होते. मामी माझ्याकडं कौतुकानं बघत होत्या, मिस्टरही. ते खोटं मी जेवणं होईपर्यंत कसंबसं पचवलं. मग भांडी घासता घासता मला ते जमेना. बाहेर येऊन सगळ्यांसमोर सांगून टाकलं, कोण अडकलं होतं आणि कुणी कुणाला टाकळी-झरी करत खाली आणलं. मिस्टर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मामी मात्र हसल्या नाहीत. त्या मामांना म्हणाल्या, "मला कदी असं कुठं नेलं न्हाई ते."

मामा उठून तांब्या भरायला गेले.

त्यानंतर आम्ही दर दोन-तीन आठवड्यांनी जायला लागलो. कधी पुन्हा गढीवर, कधी चारठाण्याची जुनी देवळं बघायला, कधी नुसतेच येलदरीच्या अलीकडच्या टेकड्यांवर. मधल्या दिवसांत मामा मैदानावर चकरा मारायचे, कारण त्यांना आता डोंगरासाठी पाय तयार ठेवायचे होते. पिशवीतल्या वस्तू एकेक करून कमी झाल्या. तीन महिन्यांनी मी त्यांचं रक्त पुन्हा तपासलं आणि आकडा बघून ह्या वेळी मशीनवर संशय घेतला नाही. वाटेत आम्ही बोलायचो. त्यांनी मला सांगितलं की नोकरीच्या पहिल्या महिन्यात घाटात त्यांना गाडी लागायची आणि ते प्रवाशांपासून लपवून लिंबू चोखायचे. मी त्यांना सांगितलं की मला नर्स व्हायचं होतं, घरच्यांनी होऊ दिलं नाही. घरात अजूनही आमचं "वाढू का" आणि "वाढ"च चालतं. ते डोंगरातलं बोलणं घरात आणावं असं आम्हा दोघांनाही कधी वाटलं नाही.

मामी येत नव्हत्या. विचारलं की म्हणायच्या, "माझं काय काम तिथं." पण पुढच्या थंडीत एका रविवारी मी उठले तर त्या आवरून बसलेल्या, पायात मिस्टरांचे जुने बूट, नाडी घट्ट बांधलेली. "हे बूट घसरू देत न्हाईत म्हणं," एवढंच बोलल्या.

आम्ही त्यांना त्याच गढीवर नेलं. मला वाटलं होतं अर्ध्या वाटेवर त्या बसतील. पण मामींचं माहेर राणीसावरगावकडचं, लहानपण गुरांमागं माळावर गेलेलं. त्या चालायला लागल्या ते आम्हाला मागं टाकून. मामा धापा टाकत म्हणाले, "अगं, जरा हळू. चढावर कोण पळायलाय?"

"मी न्हाई पळायले. तुमीच रेंगाळायलाव," मामी म्हणाल्या.

गढीच्या दरवाज्यात पोचल्यावर त्या देवडीत शिरल्या. आत दगडी ओटा होता, थंडगार. "मी हितं बसते. तुमी जा, काय बघायचं ते बघून या." आम्ही बुरुजाकडं गेलो. मी आता वर जात नाही, खालीच उभी राहते. मामा वर जाऊन आले. परत आलो तर मामी ओट्यावर गुडघ्यावर बसलेल्या, हातात झाडपाल्याची फांदी, आणि ओटा झाडत होत्या.

"हे काय करायलीस?" मामांनी विचारलं.

"या की हिकडं. हे बगा."

धूळ आणि वाळकी पानं बाजूला झाल्यावर दगडावर रेघा दिसत होत्या. छिन्नीनं कोरलेल्या. एकात एक तीन चौकोन, आणि त्यांच्या बाजूंचे मध्य जोडणाऱ्या रेघा. मी आणि मामांनी ती देवडी कितीदा ओलांडली होती, आत डोकावून फोटोसुद्धा काढले होते. आम्हाला तिथं कधी काही दिसलं नव्हतं.

"यंत्र असंल कसलं तरी," मामा गंभीरपणे म्हणाले. "देवीचं वगैरे."

"कसलं यंत्र? नवकंकरी हाय ही!" मामी म्हणाल्या. "आमी गुरं राखताना खेळायचो, कोळशानं रेघा मारून. तीन खडे एका रेघेत आले की समोरच्याचा एक खडा मारायचा. पहाऱ्यावर बसून बसून करमंना झालं असंल बिचाऱ्यांना." त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. "किती खेळले असतील हो. बगा, कडा कशी गुळगुळीत झाली."

मीही हात लावून बघितला. खरंच, हाताखाली ती रेघ साबणाच्या वडीसारखी लागत होती.

"तुमाला येतं का?" मामींनी मामांना विचारलं.

"न्हाई."

"मग बसा. शिकवते."

मामींनी नऊ काळे खडे वेचले. मामांना नऊ पांढरे सापडेनात, म्हणून त्यांनी सागाच्या बिया गोळा केल्या. दोघं ओट्यावर समोरासमोर मांडी घालून बसले. पहिला डाव मामांना कळायच्या आत संपला. दुसऱ्या डावात मामींनी एकामागून एक सहा बिया उचलल्या आणि आपल्या मांडीशी रचून ठेवल्या.

"तू रडीचा डाव खेळायलीस," मामा म्हणाले.

"नियम सांगितला होता ना? तवा ध्यान कुठं होतं?"

"पुन्हा मांड."

मामींनी पुन्हा मांडलं. ऊन कमानीतून सरकत ओट्याच्या कडेला आलं होतं, पिंपळाची पानं वर सळसळत होती. मामांनी एक बी उचलली, ठेवू की नको करत बराच वेळ हातात धरली, आणि मामींच्या तोंडाकडं बघून काही अंदाज लागतोय का ते बघितलं. मामींचा चेहरा अगदी कोरा. मी दाराच्या दगडाला टेकून बसले आणि पेरू कापायला घेतले. तिसरा डाव लवकर आटोपेल, असं काही दिसत नव्हतं.